पुष्पक, कब आणि काळी वाळू : कोकणात पाच दिवस

कोकणचा किनारा उत्तर-दक्षिण पसरलाय आणि तिथला वारा वाहतो पूर्व-पश्चिम. रेडिओ कंट्रोलची विमानं घेऊन तिकडे जाणाऱ्याला एवढी एक गोष्ट आधी कळली तर निम्मी मोडतोड वाचते. पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. शाळेत भूगोलाला दोन मार्कांना यायचं तेच. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, धावपट्टी आखायची तर ती लांबीतच आखावी लागते, म्हणजे वारा कुठलाही असो, विमानाला तो आडवाच लागणार. मग मार्ग तीन. वारा पडतो ती वेळ गाठायची, किंवा वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जायचं, किंवा खाडीत पाण्यावरून उडवायचं. फेब्रुवारीतल्या या पाच दिवसांत तिन्ही करून पाहिले.

कोल्हापूरचे चौघं, एक गाडी, टपावर दोन पेट्या. पेटीत १:६ प्रमाणातलं एचएएल पुष्पक, १:७ प्रमाणातलं पायपर कब आणि त्याचे फ्लोट (पाण्यावर उतरायला चाकांऐवजी लावायचे तरंगते पाय), शिवाय दोन मीटर पंखांचं बिनमोटरचं स्लोप ग्लायडर.

पहिला दिवस, कृष्ण तृतीया : आंबा घाट ते गावखडी

साखरपा, पाली, पावस असं करत दुपारी गावखडीला पोचलो. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तिथीबद्दल आहे. तारखा ठरवल्या त्या कालनिर्णय समोर ठेवून. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊण या पटीनं गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला हिशेब केला तर ओहोटी भर दुपारी येते, तेव्हा खारा वारा जोरात असतो. पौर्णिमा-अमावास्येला ती पहाटे येते, तेव्हा मतलई चालू असतो. ओली टणक वाळू आणि पडलेला वारा एकाच वेळी हवा असेल तर तृतीया ते पंचमीच्या सकाळी. हिशेब मोटामोटीचा आहे, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात. पण विमानाला तेवढं चालतं.

यात एक गंमत आहे. उडवायला सर्वात चांगली तिथी चतुर्थी आणि ती संकष्टी असली की गणपतीपुळ्याच्या पुळणीवर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही पावसच्या पुढे, पूर्णगडची खाडी ओलांडून गावखडीला गेलो. सुरूच्या बनाची लांब पुळण आहे आणि सकाळी माणूस कमी.

नियमांचं थोडक्यात: करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं, २५ किलोच्या आतलं मॉडेल विमान असेल तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणे टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या नमुन्याची सरकारी मंजुरी) लागत नाही. पण हवाई नकाशा सगळ्यांना लागू आहे. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर जागा हिरव्या झोनमध्ये आहे का ते निघायच्या दिवशी पुन्हा बघा. हिरव्यातही १२० मीटरच्या वर नाही आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरच्या वर नाही. रत्नागिरीच्या विमानतळापासून गावखडी पुरेशी लांब आहे. हे झालं कागदाचं. प्रत्यक्षात पोलीस पाटलांना आदल्या दिवशी भेटून सांगणं जास्त उपयोगी पडतं. समुद्रावर उडणारं काहीही दिसलं की किनाऱ्यावरचे लोक फोन फिरवतात, आणि ते बरोबरच करतात.

संध्याकाळी उतरलो होतो त्या घराच्या खळ्यात पुष्पक जोडलं. पुष्पक म्हणजे आपल्या फ्लाइंग क्लबांचं घरचं विमान. पहिलं उड्डाण १९५८ साली, दोन जणांची शेजारी-शेजारी बैठक, वर पंख, शेपटीला चाक, तोंडवळा अमेरिकन एरोन्का चीफचा. मॉडेलवाल्याच्या दृष्टीनं त्याचा मोठा गुण म्हणजे हिशेब सोपा: मूळ पंखांची लांबी ३६ फूट, सहानं भागलं की सहा फूट. एचएएलच्याच खालच्या पंखाच्या एचटी-२ विमानापेक्षा ते आडव्या वाऱ्यात जास्त त्रास देतं, कारण वरचा पंख शिडासारखा वारा धरतो. हे माहीत असूनही तेच नेलं, कारण दिसायला ते दिसतं!

बांधणीतल्या तीन गोष्टी कोकणासाठी बदलाव्या लागल्या. पंखाच्या फासळ्या अडीच मिलिमीटर बाल्साच्या (हे अगदी हलकं लाकूड) आणि दांडे ६ मिलिमीटर स्प्रूसचे आहेत, ते तसेच ठेवले. पण आतलं उघडं लाकूड पातळ केलेल्या डोपनं (लाकडावर मारायच्या लॅकरनं) दोनदा मारून घेतलं, नाहीतर दमट हवेत बाल्सा पाणी ओढतो आणि पंखाला पीळ येतो. दुसरं, आवरणाची फिल्म घरी बसवतानाच कडा नीट शेकून घ्या. इस्त्री कमी आचेवर चिकटवायला, जास्त आचेवर ताणायला. कडा न शेकता नुसती ताणलेली फिल्म कोकणच्या उन्हात तासाभरात फुगे धरते. तिसरं म्हणजे चाकं. प्रमाणात बसणारी ७५ मिलिमीटरची चाकं वाळूत बुडतात आणि विमान नाकावर उभं राहतं. पुळणीसाठी ११५ मिलिमीटरची फोमची जाड चाकं, आणि दोन्ही चाकं समोरून किंचित आत वळलेली, एक ते दोन अंश.

सीजी, म्हणजे विमानाचा तोल राहतो तो बिंदू, पंखाच्या रुंदीच्या २७ टक्क्यांवर. जाड चाकांनी तो थोडा पुढे सरकला, म्हणून बॅटरी बोटभर मागे. ट्रान्समीटर कमी ताकदीवर ठेवून तीस पावलं लांब जाऊन सगळे सर्व्हो (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या बारक्या मोटरी) हलतात का बघितलं, आणि ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते का तेही. समुद्रावर जाणाऱ्या विमानात हा फेलसेफ तपासला नसेल तर ते थेट ओमानच्या दिशेनं निघतं.

आणखी एक, सीएचं, म्हणजे सुपरग्लूचं. हा डिंक हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतो. कोल्हापुरात जोड नीट बसवायला दहा सेकंद मिळतात, इथे तीन. बाटलीचं टोपण उघडं राहिलं तर रात्रीत सगळी बाटली दगड.

दुसरा दिवस, संकष्टी चतुर्थी : पुळण

सहा वाजता पुळणीवर गेलो तर आमच्या आधी तिथे कासवमित्र हजर. रात्री एक मादी येऊन गेली होती. पाण्यापासून वरच्या कोरड्या वाळूपर्यंत ट्रॅक्टरच्या बारक्या चाकासारखी नक्षी, आणि परत जातानाची दुसरी. ऑलिव्ह रिडलेची ही किनारपट्टी, हंगाम थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. त्यांनी सांगितलं ते साधं होतं: गाडी पुळणीवर उतरवू नका, सुरूच्या बाजूच्या कोरड्या वाळूत खुंट्या ठोकू नका, आणि जाळीच्या कुंपणाजवळ काही पाडू नका. आमची धावपट्टी पाण्याच्या कडेची असल्यानं अडचण नव्हती. तरी कुंपणापासून २०० पावलं दूर गेलो.

सव्वासहाला मतलई ताशी ९ किलोमीटर, सरळ पूर्वेकडून. डहाणूकडच्या असो वा वेंगुर्ल्याच्या, मच्छीमाराला ही हवा आवडते. विमानवाल्यानं चहा प्यावा. आठला ६, पावणेनऊला २. तेव्हा धावपट्टी शोधायला घेतली.

ओली वाळू सगळी सारखी नसते. पाय ठेवला की जिथे वाळू चमकतच राहते तिथे पाणी भरलेलं असतं, चाक चिकटतं. जिथे पाऊल टाकताक्षणी पायाभोवती फिकट, कोरडं वाटणारं वर्तुळ उमटतं आणि पाय उचलल्यावर पुन्हा गडद होतं, ती टणक वाळू. असा पट्टा १२ पावलं रुंद आणि शंभरेक पावलं लांब मिळाला. चार कोपऱ्यांना चार चपला. पायलटनं उभं राहायचं ते जमिनीच्या बाजूला, तोंड समुद्राकडे. सकाळी सूर्य पाठीमागे राहतो. दुपारनंतर हेच उलटं होतं, सूर्य डोळ्यांत येतो आणि विमानाची नुसती काळी सावली दिसते. डावं-उजवं कळत नाही.

पुष्पकला ६ एस (सहा सेलची) ४००० एमएएचची बॅटरी, ४५० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ४५० फेरे) मोटर, १४×७ इंची पंखा, म्हणजे प्रॉपेलर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर; इथे खाली हवा पाचेक टक्क्यांनी दाट. तोच पंखा घरी पूर्ण थ्रॉटलला ३३ अँपिअर घ्यायचा, इथे ३५ घेतले. म्हणजे ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) काठावर असेल तर कोकणात तो तापणार. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनवाल्यांनी इंधनाची सुई थोडी उघडावी, आणि मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणून इंधनाचा डबा अर्धा रिकामा ठेवू नये. दाट हवेचा फायदाही आहे: विमान जरा कमी वेगात उचलतं.

एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) पूर्ण ओढून थ्रॉटल सावकाश, तीन सेकंदांत, आणि उजवा रडर (शेपटीची उभी झडप) तयार. एकदम थ्रॉटल दिलं की शेपूट उचलतं आणि वाळूत पंखा. पंचवीस पावलांत पुष्पक उठलं. पहिली दोन उड्डाणं अशी झाली की लिहायला काही उरत नाही. पिवळं विमान, मागे निळं पाणी, लाटांच्या वर माणूसभर उंचीवरून जाताना पंखाची सावली ओल्या वाळूवर त्याच्यापुढे पळत होती. आठ मिनिटांचा टाइमर, उतरल्यावर सेलला ३.७५ व्होल्ट.

तिसरं उड्डाण करायला नको होतं. साडेदहा वाजून गेले होते, सुरूची पानं वाजायला लागली होती आणि वायव्येकडून वारा ताशी १२ वर आला होता. उतरताना नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवून आणलं आणि टेकायच्या क्षणी रडरनं सरळ केलं, हे बरोबर. पण समुद्राकडचा पंख वाऱ्यात दाबून धरायचा असतो, तो टेकल्यावर मोकळा सोडला. बहुतेक विमानं इथेच मोडतात. चाकं जमिनीला लागली की काम संपलं असं वाटतं. शेपटीच्या चाकाच्या विमानाचं काम थांबेपर्यंत संपत नाही. वाऱ्यानं तो पंख उचलला, विमान जाग्यावर गर्रकन फिरलं, जमिनीकडचं चाक आडवं घासलं आणि त्याचा प्लॅस्टिकचा हब तडकला. पंखाची कड थोडी खरवडली. एवढ्यावर निभावलं.

मोटर हातानं फिरवली तर खर्र असा आवाज. रत्नागिरीच्या या पट्ट्यात पुळणींवर काळ्या वाळूचे ओरखडे दिसतात. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोखंडाचं खनिज. आउटरनर मोटरच्या बाहेरच्या वाटीत निओडिमियमचे चुंबक. तीन वेळा वाळूतून पळाल्यावर वाटीच्या कडेला काळ्या कणांच्या चक्क मिशा उगवल्या होत्या, आणि आत चुंबक व गुंडाळीच्या मधल्या नखाएवढ्याही नसलेल्या फटीत तेच कण अडकलेले. फुंकर मारून ते निघत नाहीत, ब्रशनं नुसते एका चुंबकावरून दुसऱ्यावर जातात. मागची सर्क्लिप (दांड्यावरची अडकवलेली कडी) काढून वाटी सरळ ओढायची (बोटं सांभाळा, चुंबक तिला परत ओढतात) आणि चिकट काहीतरी दाबून कण उचलायचे. आमच्याकडे पॅकिंग टेप होती, ती चुंबकांच्या मधल्या खाचेत पोचेना.

घरच्या काकूंची संकष्टी होती. दुपारचं जेवण म्हणून बिनमाशाचं: कुळथाची पिठी, भात आणि नुकत्या निघालेल्या ओल्या काजूची उसळ. काजू सोलून सोलून काकूंची बोटं काळी पडलेली. संध्याकाळी ओटीवर आमचा हा उद्योग बघून त्यांनी नैवेद्याचे मोदक वळून झाल्यावर उरलेल्या उकडीचा लिंबाएवढा गोळा आणून दिला. उकड खाचेत दाबली, उचलली, आतली बाजू वळवून पुन्हा दाबली. पंधरा मिनिटांत गोळा खसखशीच्या लाडवासारखा झाला आणि वाटी स्वच्छ. नंतर स्पिरिटच्या फडक्यानं पुसून घेतलं, बेअरिंगला तेलाचा एक थेंब. चंद्रोदय झाल्यावर मोदक मिळाले. तेव्हा रात्रीचे दहा वाजायला आले होते.

(पुळणीवर जाण्यापूर्वी मोटरच्या मागच्या भोकांवर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा रबरबँडनं बसवा. हवा जाते, वाळू अडते. पुढच्या वेळी हे आधी करणार.)

तिसरा दिवस, पंचमी : कशेळीचा सडा

खाली पुळणीवर दुपारी जो वारा नकोसा, तोच वर सड्याच्या कडेला सोनं. खारा वारा समुद्रावरून येऊन कड्यावर आपटतो आणि वर वळतो. त्या वर जाणाऱ्या हवेत बिनमोटरचं ग्लायडर तासन् तास राहू शकतं.

सकाळी आधी कशेळीचं कातळशिल्प. सड्यावर कोरलेला प्रचंड हत्ती, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी. उभं राहून बघितलं तर नुसत्या रेघा. कडेनं पूर्ण फेरी मारल्यावर सोंड कुठली, पाय कुठले ते जुळत जातं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. विमानवाल्यांना सांगायचं ते वेगळंच: सपाट, उघडा, काळा कातळ दिसला की आपल्याला धावपट्टी दिसते. गाडी चढवण्याआधी चालत जाऊन बघा. कोरलेली रेघ वाळलेल्या गवताखाली दिसत नाही, आणि सगळ्याच शिल्पांभोवती कुंपण नाही.

कडेवर दीड वाजता वारा ताशी १८, साडेतीनला २८, वायव्येकडून. ग्लायडर ११०० ग्रॅमचं. अठराला तसंच चाललं, नंतर पंखाच्या सांध्याच्या नळीत ३०० ग्रॅम शिसं घातलं. वजन वाढवल्यावर विमान जास्त चांगलं उडतं हे बघ्यांना पटत नाही. पण हलकं ग्लायडर जोराच्या वाऱ्यात पुढे सरकतच नाही, मागे मागे येत कडेच्या आत ओढलं जातं. आणि तिथेच धोका. सड्याची कड धारदार असते, वारा तिच्यावरून उडी मारतो आणि मागे खाली कोसळून भोवरा करतो. कडेपासून पंधरा-वीस पावलांत उतरवायला गेलात तर माणूसभर उंचीवर विमान अचानक दगडासारखं पडतं. फेकायचं ते अगदी कडेवरून, नाक किंचित खाली ठेवून. उतरवायचं ते शंभर पावलं मागे, वारा पुन्हा जमिनीला लागतो तिथे. जागा आधी ठरवा. हातात काठीला रिबीन बांधून मागे मागे चालत जा; रिबीन लडबडत असेल तोवर भोवरा, एका दिशेला ताठ झाली की तिथे उतरायचं.

कातळ कानसेसारखा आहे. पोटाला फायबरची टेप दोन पदरी लावली होती, चौथ्या उतरणीला ती फाटली. गवताचा तुकडा बघून उतरवा.

उचल कुठे आहे ते शोधायला यंत्र लागत नाही. ब्राह्मणी घारी फिरत होत्या, त्यांच्या खालून ग्लायडर नेलं की ते वर जायचं. एक घार जवळ आली, दोन फेऱ्या बरोबरीनं घेतल्या. तिनं पाय पुढे काढले तेव्हा मात्र आम्ही बाजूला होऊन उतरवलं. ती जागा तिची आहे, आणि पंखाची फिल्म तिच्या नखांपुढे टिकत नाही.

शेजारच्या कलमांच्या बागेतून एक बागायतदार काका आले. मोहोराची कणी धरायचे दिवस, तुडतुड्यानं सगळे हैराण. त्यांचा पहिला प्रश्न, "फवारणीला चालेल का हे?" मोटर नाही म्हटल्यावर, "मग हे उडतं कशावर?" वाऱ्यावर. "आणि वारा पडला तर?" तर खाली समुद्रात. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या आंब्यासारखंच." त्यांनी कोकमाचं सरबत पाजलं आणि जाताना विहीर दाखवून ठेवली, हातपाय धुवायला.

चौथा दिवस, षष्ठी : होकायंत्र आणि खाडी

राजापूरच्या बाजूनं विजयदुर्गाकडे जाताना देवाचे गोठणेच्या सड्यावर थांबलो. तिथे कातळात कोरलेली माणसाची आकृती आहे आणि तिच्याजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई चुकीची दिशा दाखवते. साधं दहावीच्या प्रयोगशाळेतलं होकायंत्र नेलं होतं. आकृतीपासून लांब धरलं तर ठीक. आकृतीवर ठेवलं तर सुई भलतीकडे. खडकच चुंबकीय आहे. हे गमतीचं असलं तरी ज्यांच्या विमानात जीपीएस आणि होकायंत्रावर चालणारं 'रिटर्न होम' आहे त्यांनी वहीत लिहून ठेवावं: सड्यावर होकायंत्र कॅलिब्रेट करू नका. घरून करून आणा, आणि दिशा जुळत नसेल तर ती सोय बंद ठेवून हातानं उडवा. नुसता जायरो (विमान डुलू न देणारा सेन्सर) असलेल्या विमानाला यानं काही होत नाही.

दुपारी वाघोटणच्या खाडीत, विजयदुर्गापासून बरंच आत. षष्ठीची भरती साडेचारला. भरती पूर्ण झाली की काही मिनिटं पाणी थबकतं, ओढ नसते. फ्लोटवाल्याला तेवढा वेळ सोन्याचा. पाण्याचा फायदा असा की धावपट्टी कुठल्याही दिशेला आखता येते. वारा समोर घ्यायचा आणि निघायचं, आडव्या वाऱ्याचा प्रश्नच मिटला. दुसरे प्रश्न सुरू होतात.

कबचे फ्लोट घरी केलेले. कबच्या अंगाची लांबी ९८ सेंटिमीटर, फ्लोट ७५चे. साधारण पाऊणपट हा ठोकताळा. थर्माकोल गरम तारेनं कापून त्यावर बारीक फायबर कापड आणि इपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिन वापरलं तर थर्माकोल विरघळून हातात नुसती साल उरते. हे प्रत्येक क्लबात एकानं तरी केलेलं असतं. तळाला पायरी हवीच, नाहीतर पाणी फ्लोटला चिकटून राहतं आणि विमान सुटत नाही. पायरी सीजीच्या किंचित मागे, या आकाराला १० ते १२ मिलिमीटर. ती पुढे गेली तर विमान मागे बसतं, फार मागे गेली तर नाक उचलत नाही. फ्लोटची वरची बाजू पंखाला समांतर, फार तर दोन अंश नाक खाली.

उड्डाणं तीन, पहिली दोन उत्तम. पाण्यावरून सुटताना आधी नुसतं नांगरतं, मग पायरीवर चढतं, मग आवाजच बदलतो. सर्र असा कोरडा आवाज येतो आणि विमान हवेत.

तिसऱ्यांदा उतरल्यावर धक्क्याकडे परत वळवताना उलटलं. कारण सांगतो, कारण हे टाळता येतं. वाऱ्याकडे पाठ करून वळताना वारा मागून शेपटीखाली शिरतो आणि वाऱ्याकडचा पंख उचलतो. पलीकडचा फ्लोट बुडतो आणि मग काहीच करता येत नाही. पाण्यातला रडर एकाच फ्लोटला होता, म्हणून वळण मोठं आणि सुस्त पडलं. वारा १५च्या वर असेल तर वळूच नका. नाक वाऱ्याकडे ठेवा, मोटर बंद करा आणि विमानाला मागे मागे सरकू द्या, शिडाच्या होडीसारखं. रडरनं शेपूट जिकडे वळवाल तिकडे विमान सरकतं. वेळ लागतो, पण कोरडं येतं.

आमचं पोट वर करून खाडीच्या मधोमध. धक्क्यावर जाळं विणत बसलेले एक मामा काही न बोलता उठले, होडी सोडली, दहा मिनिटांत कब घेऊन आले. हातात देताना म्हणाले, "खारा पाणी सुकाक देव नको. ओला आसा तवसरच गोड्या पाण्यान धुव." होडीचं इंजिन बुडलं की ते हेच करतात. विद्युत यंत्र पुन्हा पाण्यात बुडवायचं म्हटलं की हात कचरतो, पण मामांचं बरोबर होतं: नुकसान पाण्यानं होत नाही, ते वाळल्यावर मागे राहणाऱ्या मिठानं होतं.

क्रम असा ठेवा. आधी बॅटरी सोडवा. मग रिसीव्हर, ईएससी, सर्व्हो सुटे करून गोड्या पाण्याच्या बादलीत बुचकळा, दोनदा पाणी बदलून. झटकून स्पिरिटमध्ये बुडवा, ते उरलेलं पाणी ओढून घेतं. मग सावलीत, वाऱ्यावर, किमान रात्रभर. ज्या बॅटरीच्या कनेक्टरला खारं पाणी लागलं ती गाडीत घेऊ नका. आम्ही ती पेटीबाहेर, मातीच्या कुंडीत, घरापासून लांब रात्रभर ठेवली आणि सकाळी फुगलेली नाही हे बघूनच उचलली; पुढे उडवायला वापरणार नाही. हिशेब: रिसीव्हर आणि ईएससी चालले, चारपैकी एक सर्व्हो गेला. तोच एक उघडायचा राहिला होता.

मामांनी पैसे घेतले नाहीत. "पेट्रोलावर चलता की बॅटरीर?" एवढं विचारलं, आणि बॅटरीवर म्हटल्यावर पुन्हा जाळं घेतलं. रात्री तिसऱ्यांचं सुकं, सौंदाळे आणि सोलकढी. सर्व्होचं दुःख सोलकढीनं बरंच कमी होतं.

पाचवा दिवस, सप्तमी : सावंतवाडी, आंबोली

मालवणला फक्त जेवलो. तारकर्ली-देवबागची पुळण कितीही मोहात पाडो, कर्ली खाडीच्या पलीकडे चिपीचा विमानतळ आहे. तिथे पेट्या उघडायच्याच नाहीत.

सावंतवाडीत चितारआळी. रंगीत लाकडी फळं, भातुकली, देवांचे मुखवटे. दुकानाच्या मागे एक कारागीर लेथवर लाटण्या-भोवऱ्यांसारखं काहीतरी काढत होते. त्यांना पुष्पकचा तडकलेला हब दाखवला. भिंगाशिवाय, नुसतं बोटानं चाचपून त्यांनी विचारलं, "वजन किती पेलायचंय?" साडेतीन किलो, पण आपटतं. खेळण्यांचा पांगारा हलका असतो खरा, पण धक्क्याला दबेल म्हणून त्यांनी कठीण लाकडाचा तुकडा घेतला. मधलं भोक ४ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३८, फोम बसायला कडेला उथळ खाच. लेथ फिरत असतानाच लाखेची कांडी टेकवली, घर्षणानं लाख वितळून लाकडावर पसरली आणि केवड्याच्या पानानं ती चकचकीत केली. रंग कोणता म्हणून विचारलं तेव्हा आमच्यातला प्रमाणाबाबत सर्वात काटेकोर माणूस म्हणाला, "काळा." कारागिरांनी आधीच लाल लावला होता.

जोडीचा दुसराही करून घेतला, नाहीतर एक चाक जड आणि एक हलकं. वजन केलं: लाकडी हब प्लॅस्टिकपेक्षा जोडीला ११ ग्रॅमनी जास्त. चाकं सीजीच्या पुढे असल्यानं बॅटरी अजून थोडी मागे न्यावी लागेल.

आंबोलीत धुकं नव्हतं, आजऱ्याच्या पुढे काळोख झाला. दुसऱ्या दिवशी सगळं उघडलं: चाकांचे आस, सर्व्होचे दांडे, पंखाच्या टेकूंचे एम३ बोल्ट. स्टीलचे बोल्ट पाच दिवसांत तांबूस झाले होते, ते स्टेनलेसचे घातले. पुष्पकची मोटर पुन्हा खोलली तर एका खाचेत काळ्या वाळूचे चार कण, आणि त्यांच्यावर बोटाच्या ठशासकट वाळलेली उकड.